जुन्या मराठी कादंबऱ्या: नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी? (वाचनगट, जुळे सोलापूर)

सातरस्ता_संध्याकाळ विचारतात:

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आठ जणांचा वाचनगट सुरू होतोय. महिन्याला एक जुनी कादंबरी. यादी ठरली आहे: 'पण लक्षात कोण घेतो', 'श्यामची आई', 'रणांगण', 'बनगरवाडी', 'ययाति', 'फकिरा', 'कोसला', 'मृत्युंजय'. नावांवर वाद नाही, घोडं अडलंय ते प्रतींवर.

'श्यामची आई'च्या नवी पेठेत एका दुकानातच पाच वेगवेगळ्या प्रती दिसतात. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग यांत चौपट फरक. आतला मजकूर तोच असतो का? ह. ना. आपटे जुन्या शुद्धलेखनात घ्यावेत की नव्या? गटातल्या दोघांच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी त्यांची शाळेतली भाषा आहे, वाचन उत्तम आहे पण जुन्या अनुस्वारांना ते बिचकतात. रद्दीतून जुन्या प्रती घेतल्या तर त्या टिकतील का? आणि जमलं तर सोलापूरचा संबंध असलेली एखादी कादंबरीही यादीत हवी आहे. एकूण बजेट पाच हजारांच्या आत बसवायचं आहे.

---

जुनी_जोडाक्षरं यांचं उत्तर:

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. तुमच्या यादीतल्या दोन कादंबऱ्या कुणीही छापू शकतो, बाकीच्या सहा नाही. आपल्याकडे लेखक गेला की पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, तो विषय केव्हाच संपला. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' मोकळी झाली. दुकानात पाच प्रती दिसतात त्या म्हणूनच. खांडेकर १९७६ साली गेले, त्यामुळे 'ययाति' २०३६ संपेपर्यंत हक्कात आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, 'फकिरा' २०२९ अखेरपर्यंत. तेव्हा 'ययाति' किंवा 'मृत्युंजय' फुटपाथवर अर्ध्याहून कमी किमतीत मिळत असेल तर ती चोरीची छपाई समजा. ओळखायची खूण: अक्षरांच्या कडा फुगीर आणि काळपट (छापील पानाचं स्कॅन करून परत छापलेलं असतं), पानाच्या वर-खाली समास असमान, मुखपृष्ठावरचा रंग किंचित सरकलेला. आयएसबीएनवर जाऊ नका, तो आकडा चोरही जसाच्या तसा छापतो.

आता 'श्यामची आई'. मजकूर तोच असतो का, याचं उत्तर 'नेहमी नाही' असं आहे. पहिली तपासणी सोपी: अनुक्रमणिका उघडा आणि रात्री मोजा. पूर्ण पुस्तकात ४२ रात्री आहेत. मुलांसाठी म्हणून काढलेल्या प्रतींत त्या गाळलेल्या असतात आणि 'संक्षिप्त' हा शब्द आतल्या पानावर बारीक टायपात असतो, कधीकधी नसतोही.

दुसरी तपासणी जरा बारकाईची. हक्क संपल्यावर निघालेल्या बऱ्याच प्रती जुन्या पुस्तकावरून अक्षर न् अक्षर जुळवलेल्या नसतात. कुठून तरी टंकलिखित मजकूर उचलायचा, नाहीतर स्कॅन करून यंत्राकडून वाचून घ्यायचा आणि थेट छापायचा. मग ठरावीक चुका येतात. यंत्र घ आणि ध यांत गोंधळतं, भ आणि म यांत गोंधळतं, 'ख'चा 'रव' करतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. सगळ्यांत हमखास मार खातो तो 'ऱ्य'. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. दुकानात उभ्याउभ्या कुठलंही मधलं पान काढा आणि फक्त 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द शोधा. एका पानात दोनदा 'सार्या' दिसलं तर पुस्तक ठेवून द्या. ज्याला हे दिसलं नाही त्याला गळालेला परिच्छेद काय दिसणार? आणखी एक खूण: ओळीच्या मध्येच 'सांगि-तले' असा तुटका शब्द. जुन्या छापील पानावर तो शब्द ओळीच्या शेवटी मोडला होता, नव्या मांडणीत तो मध्ये आला, आणि वाचून पाहायला कुणी बसलंच नाही.

ह. ना. आपट्यांबद्दल. सध्याचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, पुढे १९७२ साली त्यांत भर पडून १८ झाले. त्याआधीच्या छपाईत न उच्चारलेले अनुस्वार आहेत: कांहीं, घरांत, त्यानें. कादंबरीचं नावही जुन्या प्रतींवर 'पण लक्षांत कोण घेतो' असं आहे. हे अनुस्वार काढल्याने कथेचं काही बिघडत नाही. क्वचित अर्थ धूसर होतो, उदाहरणार्थ जुन्या लिखाणात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, आता दोन्ही एकच. पण संदर्भाने कळतं. तुमच्या दोघा वाचकांना सरळ नव्या शुद्धलेखनातली प्रत द्या, कमीपणा काही नाही.

धोका निराळ्याच ठिकाणी आहे. ही कादंबरी यमुना स्वतः सांगते आणि घरातल्या बायकांची बोलणी त्यात जागोजाग आहेत. बोलण्यातला 'केलं', 'म्हटलं', 'असं' यांवरचा अनुस्वार उच्चारातला आहे, तो राहायलाच हवा. काही प्रतींत कुणीतरी सरसकट शोधा-आणि-बदला चालवलेलं असतं. मग संवादात 'केल', 'म्हटल' असे लुळे शब्द पडतात, नाहीतर सगळं 'केले, म्हटले' होऊन सासूसुद्धा सरकारी परिपत्रकासारखी बोलते. म्हणून ही कादंबरी घेताना निवेदनाचं पान नका वाचू, भांडणाचं पान शोधा आणि तेवढं वाचा.

गटात एखादी प्रत जुन्या शुद्धलेखनातली असली तर मात्र जरूर असू द्या. एखादं वाक्य अडलं की ताडून बघता येतं.

---

पुठ्ठा_आणि_दोरा यांचं उत्तर:

मजकुराचं वर आलंच आहे, मी फक्त पुस्तक या वस्तूबद्दल सांगतो.

रद्दीतलं पुस्तक घ्यायचं की नाही हे पाठीवरून ठरवा. पुस्तक टेबलावर उभं धरून पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. घड्या घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे शेजारी शेजारी दिसले तर ती जुजबंदी, म्हणजे हे गठ्ठे (त्यांना फॉर्म म्हणतात) शिवलेले आहेत. सगळी पानं एका सपाट रेषेत कापलेली आणि वर गोंदाचा थर दिसला तर ती नुसती चिकटवलेली बांधणी. खात्री करायची तर फॉर्म १६ पानांचा धरून ८-९, २४-२५, ४०-४१ या जोड्या उघडा. शिवलेल्या पुस्तकात तिथे मधोमध दोरा दिसेल. प्रस्तावनेला वेगळे आकडे दिलेले असतील तर ही जोडी थोडी सरकते, शोधायला लागते.

त्याच हिशेबाने दुसरी तपासणी: १६ नंतर १७ आहे ना, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९. फॉर्म गळतो किंवा दोनदा लागतो तो नेमका या सांध्यांवर. 'मृत्युंजय'सारख्या जाड पुस्तकात हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण बघाच. नव्या कोऱ्या पुस्तकातही होतं हे. दुकानदार बदलून देतो, फक्त पावती टाकू नका.

जाड कादंबरी चिकटवलेल्या बांधणीत घेऊ नका असं म्हणणं आता व्यवहारात शक्य नाही, कारण बहुतेक तशाच येतात. पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. जुना झालेला गोंद अशा हवेत कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडलं की मधोमध 'कट्' आवाज करून फुटतो. त्यासाठी नवीन जाड पुस्तक उघडण्याची पद्धत: पाठ टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग सुरुवातीची वीसेक पानं डावीकडे दाबा, शेवटची वीसेक उजवीकडे, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. पाठीवर ताण एकसारखा बसतो. मधूनच फाडकन उघडलं की संपलं.

पान सुटलं तर सेलोटेप नको. दोनेक वर्षांत तो पिवळा पडतो, चिकटा कागदात उतरतो आणि मग तो डाग कशानेच जात नाही. खळ करा. सोलापुरात खळ काय असते हे सांगायला नको, सुताला लावतात तीच कल्पना. ५० ग्रॅम मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग एकूण ३०० मिलिलिटर पाणी होईल इतपत वाढवायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. गार झाल्यावर फडक्यातून गाळा. जुने बांधणीवाले कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकत. ते विषारी आहे, शिवाय आम्लधर्मी असल्याने जुना कागद त्याने लवकर तुकडे होतो. घरी टाकू नका, त्यापेक्षा खळ ताजी करा आणि उरलेली फेकून द्या. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला चार मिलिमीटर रुंदीची पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी (पतंगाचा चालतो, पण पांढराच, रंगीत कागदाचा रंग ओल लागताच उतरतो) अर्धी पानावर, अर्धी शेजारच्या पानावर. खळ बोटाला जेमतेम लागेल इतकीच. आजूबाजूला मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली.

पूर्ण पाठ फुटली असेल तर पुस्तक बांधणीवाल्याकडे द्या आणि शब्दांत सांगा: 'पाठीला खाचा पाडून दोरा घाला.' दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर मिलिमीटरभर खोल आडव्या खाचा, त्यांत दोरा, वरून पांढरा गोंद. हे न सांगता दिलं तर कडेपासून सेंटिमीटर आत भोकं पाडून उभी शिलाई मारतात. पुस्तक भक्कम होतं, पण उघडत नाही आणि आतल्या समासातली अक्षरं गिळली जातात. आणखी एक बजावून सांगा: कडा कापू नका. बांधणीवाल्यांना कटर मारून पुस्तक चौकोनी दिसावं असं फार वाटतं. दोनदा बांधलेल्या ग्रंथालयीन प्रतींत पानाचे आकडे अर्धे उडालेले दिसतात ते यामुळेच.

पुस्तकांना गच्चीत ऊन दाखवायची पद्धत सोडा. ऊन कसरीपेक्षा जास्त नुकसान करतं. पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

---

कारभारी_मांडवाखाली यांचं उत्तर:

मी यादीच्या क्रमाबद्दल बोलतो. आपट्यांपासून सुरुवात केलीत तर तिसऱ्या महिन्यात गटात चार जण उरतील. ती कादंबरी मोठी आहे कारण ती 'करमणूक' पत्रात क्रमाक्रमाने येत होती. वाचक आठवडाभर थांबून पुढचा भाग वाचणार या हिशेबाने लिहिलेली आहे. एका महिन्यात सलग रेटली तर मधला घरगुती तपशील जड जातो. तिला दोन महिने द्या.

सुरुवात 'बनगरवाडी'ने करा. १९५५ ची, लहानशी, आणि माणदेश आपल्याला परका नाही, सांगोल्यापलीकडे तर सुरू होतो. बोली अवघड जाईल का असं तुमच्या मनात असेल, तर नाही जाणार. निवेदन मास्तरचं आहे, सरळ प्रमाण मराठीत. बोली फक्त संवादांत येते आणि तीही छोट्या वाक्यांत. अडतील ते शब्द मेंढरं, वाडगं, शेती यांचे. पहिल्या बैठकीलाच त्यांची यादी करा, पुढे कुणी अडत नाही. तेलुगू बोलणाऱ्या मंडळींना शहराच्या पूर्व भागातल्या मराठीपेक्षा ती वेगळी वाटेल इतकंच.

मग 'रणांगण'. १९३९ ची, तीही लहान. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. मराठी कादंबरी इतक्या लवकर इतकी आधुनिक झाली होती यावर विश्वास बसत नाही. या दोन पुस्तकांनंतर गटाला दम येतो.

'ययाति'बद्दल माझं मत थोडं कडू आहे. १९५९ ची कादंबरी, ज्ञानपीठ वगैरे सगळं मान्य. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा अशी तीन तोंडांनी सांगितलेली गोष्ट ही रचना आजही छान आहे. पण सुभाषितासारखी वाक्यं इतकी, की अधोरेखित करत गेलात तर न केलेली ओळ शोधावी लागेल. ती 'मृत्युंजय'च्या लगेच आधी किंवा नंतर ठेवू नका. दोन्ही महाभारतावर, दोन्हींत पात्रं 'मी' म्हणून बोलतात आणि भाषाही अलंकारिक. तोंड गोड गोड होऊन बसतं. मध्ये 'फकिरा' घाला.

---

जुनी_जोडाक्षरं यांचं उत्तर:

'ययाति'वरून आठवलं, शोधताना एक अडचण येते. नियमाप्रमाणे कवि-कवी, गति-गती तसं ते 'ययाती' व्हायला हवं, पण मुखपृष्ठावर ऱ्हस्वच राहिलं आहे. ग्रंथालयाच्या संगणकावर किंवा ऑनलाइन शोधताना दोन्ही घालून बघा. 'फकिरा' आणि 'फकीरा'चंही तेच.

'फकिरा'च्या प्रतीत दोन गोष्टी बघा: बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला केलेली अर्पणपत्रिका आणि खांडेकरांची प्रस्तावना. पानं वाचवायला पहिला बळी जातो तो यांचा. कादंबरी पूर्ण असली तरी अर्पणपत्रिका नसलेली प्रत मी तरी पुरी मानणार नाही.

आणि 'कोसला'ची कुठलीही प्रत घेतलीत तरी तिच्यातली 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' ही छपाईची चूक नाही हे आठही जणांना आधी सांगून ठेवा. १९६३ पासून हा गैरसमज चालू आहे.

---

उमेदपूर_नाका यांचं उत्तर:

सोलापूरचा संबंध असलेली कादंबरी हवी म्हणालात, तर विभावरी शिरूरकरांची 'बळी', १९५०. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या वसाहतीला आपल्याकडे सेटलमेंट म्हणत, आजही त्या भागाचं नाव तेच आहे. लेखिकेने सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केलं होतं, तिथल्या मांग-गारुडी लोकांचं जगणं या कादंबरीत आहे. कायदा देशभर रद्द झाला १९५२ साली, म्हणजे कादंबरी आली तेव्हा ही गोष्ट इतिहासजमा झालेली नव्हती.

मिळवताना लक्षात ठेवा: लेखिकेची तीन नावं आहेत. पुस्तकावर विभावरी शिरूरकर, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे. कुठल्या ग्रंथालयाने नोंद कुठल्या नावाखाली केली असेल सांगता येत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारताना लेखिकेचं नाव न सांगता पुस्तकाचं नाव आणि 'जुनी कादंबरी' एवढंच सांगा, आणि 'शि', 'बे' अशी दोन्ही कपाटं बघायची तयारी ठेवा. 'रणांगण'चे विश्राम बेडेकर त्यांचे पती. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठच्या महिन्यांत ठेवल्या तर एकाच घरात किती वेगळं लिहिलं गेलं हे आपोआप कळतं.

वाचताना 'बळी' लहान वाटेल, पण बैठक लांबेल. सेटलमेंटच्या बाजूला राहणाऱ्यांना त्या नावाचा उगम बहुधा माहीत नसतो.

---

सातरस्ता_संध्याकाळ:

सर्वांचे आभार. 'बळी' घेतली. एक व्यवहारातला प्रश्न उरला. आठ जणांच्या आठ वेगळ्या प्रती असतील तर 'पान १४२ वर बघा' कसं म्हणायचं? आणि आपट्यांची जुनी प्रत विकत न घेता कुठे बघायला मिळेल?

---

पुठ्ठा_आणि_दोरा:

पानाचा आकडा विसरा. 'श्यामची आई'ला रात्रीचा क्रमांक, 'ययाति'ला कोण बोलतंय ते, 'मृत्युंजय'ला नऊ भागांतला कितवा भाग आणि निवेदक कोण (कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण). त्याच्या जोडीला परिच्छेदाचे पहिले तीन शब्द सांगायचे. प्रकरणं नसलेल्या ठिकाणी पुस्तकाचे अंदाजे दहा भाग पाडून 'दहातल्या सातव्या भागात' म्हटलं तरी अर्ध्या मिनिटात सापडतं. ज्यांच्याकडे फोनवरची प्रत आहे त्यांना ते तीन शब्द थेट शोधता येतात, फक्त जुन्या शुद्धलेखनातली असेल तर अनुस्वारासकट टाकावे लागतात.

---

जुनी_जोडाक्षरं:

आपटे हक्कमुक्त असल्याने जुन्या छपाईचं स्कॅन कायदेशीरपणे फुकट बघता येतं. राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावरचा दुर्मिळ ग्रंथांचा विभाग आणि आर्काइव्ह डॉट ऑर्ग, दोन्हीकडे शोधा. 'लक्षांत' असं अनुस्वारासह टाकून बघा आणि त्याशिवायही. उतरवताना मजकुराची फाइल घेऊ नका, छायाप्रतीची पीडीएफ घ्या. मजकुराची फाइल यंत्राने वाचलेली असते, वर सांगितलेले घ-ध सगळे तिथे हजर. विकिस्रोतावर एखादं पुस्तक मिळालं तर पानापानाला मुद्रितशोधन झालं आहे की नाही याची रंगखूण असते: हिरवं म्हणजे दोघांनी तपासलेलं, पिवळं म्हणजे एकाने, लाल म्हणजे अजून कुणी नाही. लाल पानावरून कुणी पुस्तक छापून विकायला ठेवलं असेल तर तुम्हाला आता ते ओळखता येईल, 'दुसर्या' शोधा.

---

कारभारी_मांडवाखाली:

आणि बजेटचं: 'मृत्युंजय' आठ प्रती घेऊ नका. दोन विकत, दोन ग्रंथालयातून, आणि भागवार फिरवा. कर्णाचा पहिला भाग संपला की पुस्तक पुढच्याकडे. ते पुस्तक तसंच बेतलेलं आहे.